आक्काच्या गोळ्या एक दिवससुद्धा बंद ठेवू नका

पत्र (थोडं कमी करून देतेय):

"ताई, माझी मोठी बहीण, आम्ही आक्का म्हणतो, निपाणीला असते, वय ४३, विड्या वळते. दाजी २०१३ ला वारले तेव्हा तपासणीत तिला पण एचआयव्ही निघाला. तेव्हापासून तिने गोळ्या चुकवल्या नाहीत, मागच्या रिपोर्टात व्हायरस सापडत नाही असं आलंय. सात-आठ महिने अंगावरून पांढरं जायचं, वास यायचा, मधेच रक्त जायचं, जवळच्या डॉक्टरनी गोळ्या दिल्या. आता तुकडा काढून तपासला तर गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय, स्टेज टू बी. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नाही, लाइट म्हणजे रेडिएशन आणि केमो. तिचे दीर म्हणतात तो आजार असताना कॅन्सरवर पैसे घालून काय उपयोग. एक पाव्हणे म्हणाले केमो चालू असेपर्यंत एचआयव्हीच्या गोळ्या बंद ठेवा, दोन गरम औषधं अंगाला सोसणार नाहीत. हा कॅन्सर त्या गोळ्यांनीच झाला का? कॅन्सरच्या दवाखान्यात एचआयव्हीचं सांगायचं की नाही? तिच्या एचआयव्हीच्या सेंटरातल्या ओळखीच्या एका माणसाच्या मानेत गाठ आलीय, त्याला पण हेच असेल का? आणि आक्काची मुलगी १३ वर्षांची आहे, तिची फार काळजी वाटते. आईला अजून काहीच सांगितलेलं नाही. — खानापूर तालुक्यातली एक बहीण"

अगं, तुझं पत्र वाचून पहिली गोष्ट हीच सांगते, बाकीचं नंतर वाच, त्या पाव्हण्यांचं अजिबात ऐकू नकोस. आक्काच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या एक दिवससुद्धा बंद ठेवायच्या नाहीत, केमोच्या दिवशी नाही, उलट्या होतात म्हणून नाही, कुणी कितीही जाणता माणूस सांगू दे. मी नर्सिंगमध्ये तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी बेळगावात, आणि हे "दोन औषधं सोसणार नाहीत" वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता कुणी बोलायला लागलं की माझे हात थरथरतात, कारण त्या वाक्याने गेलेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीत. गोळ्या थांबल्या की थोड्याच आठवड्यांत व्हायरस परत वर येतो, त्याच वेळी केमो आणि लाइट रक्तातल्या पेशी कमी करत असतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी अंग उघडं पडतं आणि मग माणूस कॅन्सरने नाही, न्यूमोनियाने नाहीतर टीबीने जातो. आणि ज्यांना आतून कावीळ बी (हिपॅटायटिस बी) असते त्यांना तर अजून धोका, कारण एआरटीच्या गोळीतली दोन औषधं कावीळ बी पण दाबून ठेवतात, गोळी अचानक बंद केली की लिव्हर पेटतं.

आता दीर म्हणतात त्याचं. उपयोग काय, तर उपयोग हाच की टू बी स्टेज बरी व्हायच्या हिशोबानेच ट्रीट करतात, नुसतं दुखणं कमी करायला नाही. टू बी म्हणजे गाठ पिशवीच्या तोंडाच्या बाहेर बाजूच्या भागात पसरलीय पण कमरेच्या हाडापर्यंत पोचलेली नाही, म्हणून ऑपरेशन करत नाहीत, सगळं काढायला जमत नाही आणि मागे राहिलं तर नंतर लाइट द्यावाच लागतो, मग दोन्हीचा त्रास कशाला. ही ट्रीटमेंट पूर्ण घेतलेल्या बायकांमधल्या निम्म्याहून जास्त पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. आणि ज्या बाईचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, सापडत नाही, सीडी फोर, म्हणजे प्रतिकाराच्या पेशींचा आकडा, बरा आहे, तिला कॅन्सरची ट्रीटमेंट बाकीच्या बायकांसारखीच द्यायची असते, पूर्ण डोस, पूर्ण दिवस. एचआयव्ही आहे म्हणून जरा कमीच देऊया असं कुणी म्हटलं तर नुसती मान हलवून परत येऊ नकोस, का म्हणून ते विचार. सीडी फोर खूप खाली असेल, किडनी बरोबर नसेल तर डॉक्टर डोस बदलतील ते वेगळं, पण त्याला कारण असायला पाहिजे. दीरांना हे शांतपणे सांग. ते वाईट आहेत म्हणून बोलत नसतील, वीस वर्षांपूर्वी आपल्या भागात एचआयव्ही म्हणजे सहा महिन्यांत माणूस संपला असंच सगळ्यांनी बघितलंय, तेच डोक्यात बसलंय. सरकारी एआरटी २००४ ला सुरू झाली, त्याच्या आधीचे दिवस मी पण बघितलेत, ते आठवले की आज आक्का अकरा-बारा वर्षं गोळ्या खाऊन विड्या वळतेय, पोरीला शाळेत घालतेय हेच मला मोठं वाटतं.

गोळ्यांनी कॅन्सर झाला का, तर नाही. उलट गोळ्या घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीशी जोडलेले कॅन्सर कमी होतात. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या वेगळ्याच व्हायरसमुळे होतो, नाव सारखं वाटतं म्हणून लोक गोंधळतात, पण एचपीव्ही वेगळा आणि एचआयव्ही वेगळा. एचपीव्ही लग्न झालेल्या बहुतेक बायापुरुषांच्या अंगात कधी ना कधी येऊन जातो, त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही, आणि शरीर तो वर्ष-दोन वर्षांत आपला आपण घालवतं. घालवणारी शक्ती म्हणजे तीच जी एचआयव्ही खातो. तू खानापूरची, तुला असं सांगते, भाताच्या शेतावर माळ्यावर राखण करणारा माणूस जागा असला तर गवे न् रानडुकरं रानातून आली तरी परत जातात, तो झोपला की एका रात्रीत शेत तुडवून ठेवतात, एचआयव्ही म्हणजे राखणवाल्याला झोपवणं. गोळ्या त्याला परत जागं करतात, पण तो झोपला होता त्या वर्षांत जे आत शिरलं ते शिरलं. आक्काला २०१३ ला कळलं, त्याआधी किती वर्षं व्हायरस अंगात होता कोण जाणे, आणि त्या काळी सीडी फोर ३५० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या सुरूच करायचे नाहीत, सगळ्यांना लगेच गोळी हे २०१७ पासून आलं. चांगल्या प्रतिकारशक्तीच्या बाईत एचपीव्हीपासून कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, कमजोर असेल तर पाच-दहा वर्षांतच होतो. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर व्हायचा धोका बाकीच्यांच्या सहापट आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००८ चं मेडिसिनचं नोबेल अर्धं एचपीव्हीने हा कॅन्सर होतो हे शोधणाऱ्या हाराल्ड झुर हाउजन यांना आणि अर्धं एचआयव्ही शोधणाऱ्या दोघांना मिळालं, एकाच वर्षी, आणि तुझ्या आक्काच्या फाइलमध्ये ते दोन्ही व्हायरस एकत्र आलेत बघ.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते त्या सात-आठ महिन्यांचं. पांढरं जातंय म्हटलं की गोळ्या, परत गोळ्या, पण आतून तपासणी नाही. आक्काला यात काही बोलू नकोस, तिला कुणी सांगितलंच नसेल. एचआयव्ही असलेल्या बाईने २५ वर्षांपासूनच ही तपासणी सुरू करायला पाहिजे, एचपीव्हीची टेस्ट मिळत असेल तर दर तीन ते पाच वर्षांनी, नसेल तर व्हिनेगर लावून बघतात ती तपासणी, पाच मिनिटांचं काम, कॅन्सरच्या आधीचा डाग दिसला तर गरम किंवा थंड प्रोबने जाळून टाकतात आणि बहुतेकदा बाई त्याच दिवशी घरी. तू स्वतः तिशीच्या पुढची असशील तर तू पण करून घे, एचआयव्ही नसला तरी.

दवाखान्यात सांगायचं की लपवायचं. सांगायचं, आणि पहिल्याच दिवशी, एआरटीचं पुस्तक बरोबर नेऊन. कायद्याने कुणी तुमच्यावर सांगायची जबरदस्ती करू शकत नाही, पण इथे लपवलं तर नुकसान आक्काचंच आहे. नीट वाच, कारण हेच घरात कुणाला माहीत नसतं.

आक्का बहुतेक टीएलडी नावाची एकच गोळी रोज घेत असेल, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राव्हिर तिन्ही एकात. लाइटबरोबर आठवड्यातून एकदा देतात ती केमो म्हणजे बहुतेकदा सिसप्लॅटिन. सिसप्लॅटिन किडनीवर जातं आणि टेनोफोव्हिर पण किडनीवर जाऊ शकतं, म्हणून दर आठवड्याला केमोच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघायला लागतं, वाढलं तर एआरटीचे डॉक्टर टेनोफोव्हिरच्या जागी दुसरं औषध देऊ शकतात, पण गोळ्या बदलतात, बंद करत नाहीत, हा फरक पाव्हण्यांना समजावून सांग. डोलुटेग्राव्हिरचं एक आहे की ते नुसतं सुद्धा क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दाखवतं, किडनी बिघडलेली नसताना, म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरला ती कुठली गोळी घेते हे माहीतच नसेल तर तो उगीच केमो थांबवेल. आता बघ, लपवलं असतं तर काय झालं असतं. अजून एक, आक्काचं रक्त गेलंय म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणार, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम देणार, जळजळ होते म्हणून अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध पण कुणीतरी देईल. लोह, कॅल्शियम आणि ते पातळ औषध डोलुटेग्राव्हिरला पोटातच पकडून ठेवतं, ते रक्तात जातच नाही. म्हणून टीएलडी आधी, त्यानंतर दोन तास सोडून ती औषधं, किंवा ती घेतली असतील तर सहा तासांनी टीएलडी. लोह-कॅल्शियम पोटभर जेवणाबरोबर टीएलडीसोबत घेतलं तर चालतं, अ‍ॅसिडिटीचं मात्र नाही. घड्याळाच्या खाली कागद चिकटव, मराठीत मोठ्या अक्षरात.

आक्का जुन्या गोळ्यांवर असेल, ज्यात झिडोव्हुडिन आहे, किंवा दुसऱ्या लाइनच्या गोळ्या असतील ज्यात रिटोनाव्हिर असतं, तर मात्र केमो सुरू व्हायच्या आधी हे एआरटीच्या डॉक्टरांना विचारायलाच पाहिजे. झिडोव्हुडिन रक्त कमी करतं, केमो पण करते. आणि रिटोनाव्हिर काही केमोची औषधं अंगात साठवून ठेवतं, मग हातापायाच्या नसा जातात. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले तर हे सगळं पाच मिनिटांत सुटतं. ते बोलत नसतील तर तूच एकाची चिठ्ठी दुसऱ्याकडे ने, लाजू नकोस.

सीडी फोर ट्रीटमेंटमध्ये खाली येतो, व्हायरस दाबलेला असला तरी येतो, लाइटने आणि केमोने तसं होतंच, त्याला गोळ्या फेल गेल्या असं समजायचं नाही. त्या दिवसांत न्यूमोनियासारख्या इन्फेक्शनपासून वाचवायला सेप्ट्रानची गोळी देतात, ती पण चुकवायची नाही. ताप १०० च्या वर गेला की सकाळपर्यंत थांबायचं नाही.

आता लाइटचं. बाहेरून लाइट आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे. नंतर आतून देतात, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात, पिशवीच्या तोंडाजवळ नळी ठेवून, तीन-चार वेळा. खूप बायका बाहेरचा लाइट संपला, रक्त थांबलं, बरं वाटलं की आतला घ्यायला जातच नाहीत, दुखेल म्हणून, लाज वाटते म्हणून. पण गाठ मुळापासून जाते ती त्या आतल्या लाइटने. सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपायला पाहिजे, मधे खाडे झाले की गुण कमी होतो. म्हणून माझं ऐकशील तर आक्काला निपाणीत ठेवू नको, तुझ्याकडे आण. निपाणीहून बेळगाव म्हणजे पाऊणशे किलोमीटर, रोज एसटीने जाऊन उलटी करत परत येणं तिला जमणार नाही, तिसऱ्या आठवड्यात सोडून देईल. खानापूरहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, ते जमेल. किंवा निपाणीतच राहायचं म्हटलं तर कोल्हापूर जवळ पडतं, पण कार्डाचा प्रश्न येईल, तो पुढे सांगते. पोट सुटेल, लघवीला जळजळ होईल, थकवा येईल, पाळी कायमची बंद होईल, हे आधीच सांगून ठेव म्हणजे घाबरणार नाही. पाणी भरपूर, पेज, ताक, मऊ भात, अंडं चालत असेल तर रोज एक. आणि मशेरी. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायका मशेरी लावतातच, मला माहिताय, आक्का लावत असेल तर ती बंद करायला लाव, एचआयव्ही असताना तोंडाच्या कॅन्सरचा धोका तसाच जास्त.

पैशाचं. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत होतं, कॅन्सरची ट्रीटमेंट त्यात येते, खासगी दवाखान्यात जायचं तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर लागतं, म्हणून पहिला दिवस बेळगावच्या सिव्हिलमध्ये घालव, आधार, रेशन कार्ड, बायोप्सीचा मूळ रिपोर्ट घेऊन. फॉर्म कानडीत असतात, आक्काला वाचता येत नसेल तर काऊंटरवर नुसती सही करू देऊ नको, कानडी येणारं कुणीतरी बरोबर ने. महाराष्ट्र सरकारने २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलंय, म्हणून कोल्हापूर-मिरजेकडे जायचं मनात असेल तर निघायच्या आधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) फोन करून आक्काचं गाव बसतं का आणि कुठले कागद लागतात ते विचार, तिथं जाऊन परत यायला लागू नये. एआरटी सेंटरला पण सांगा की आता सात-आठ आठवडे खानापुरात राहणार, व्हायरल लोड दबलेल्या पेशंटला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, नाहीतर दुसऱ्या सेंटरमधून मधल्या काळाच्या गोळ्या घेता येतात.

कुणी एचआयव्ही ऐकून तोंड वाकडं केलं तर? करतात, खोटं कशाला बोलू. माझ्या स्वतःच्या मावसबहिणीला, नाव न घेता सांगते, एका दवाखान्यातून तीन वेळा "मशीन बंद आहे" म्हणून परत पाठवलं, मशीन चालू होती, बाहेर बाकावर बसलेल्या बायका आत जात होत्या. मी नर्स असून मला पहिल्या दोन वेळा कळलं नाही, त्याचं दुःख अजून जात नाही. २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा भेदभाव आहे आणि संमतीशिवाय कुणाला सांगणं पण बेकायदा आहे. वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा दवाखान्यात तक्रार घेणारा अधिकारी नेमलेला असायला पाहिजे, त्याचं नाव विचार. नुसतं नाव विचारलं तरी बऱ्याचदा मशीन चालू होते. नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची हेल्पलाइन १०९७, पैसे पडत नाहीत.

मानेत गाठ आलेल्या माणसाचं. आपल्याकडे एचआयव्हीच्या पेशंटच्या मानेत गाठ म्हणजे बहुतेकदा टीबी, आणि डॉक्टर टीबी धरून चालतात ते बरोबर, पण प्रत्येक गाठ टीबीची नसते. एचआयव्हीमध्ये लिम्फोमा नावाचा कॅन्सर होतो, तो पण गाठीनेच येतो, ताप, रात्री घाम, वजन कमी, सगळं टीबीसारखंच. सुईने पाणी काढून पुरत नाही, पूर्ण गाठ किंवा तिचा तुकडा काढून बायोप्सी करायला लागते. त्याला सांग, टीबीच्या गोळ्या चालू असतील तर बंद करू नको पण एक-दोन महिन्यांत गाठ कमी नाही झाली किंवा वाढत गेली तर बायोप्सीसाठी हट्ट धर. लिम्फोमा झपाट्याने वाढतो पण केमोला ऐकतो पण, एआरटी चालू ठेवून केमो दिली तर खूप जण पूर्ण बरे होतात, मी बघितलेत. एचआयव्हीशी जोडलेला तिसरा कॅन्सर म्हणजे कापोसी सार्कोमा, अंगावर, टाळ्यावर जांभळे डाग, १९८१ ला अमेरिकेत तरुण पुरुषांमध्ये एक दुर्मिळ न्यूमोनिया आणि हे डाग दिसायला लागले तेव्हाच जगाला या आजाराची पहिली चाहूल लागली, आपल्याकडे तो फार कमी, आणि सुरुवातीचा असेल तर कधी कधी नुसत्या एआरटीनेच डाग मावळतात.

आक्काच्या मुलीचं, आईला कॅन्सर आहे म्हणून तिला होईल असं नाही. ती १३ ची आहे हे तर बरंच झालं, एचपीव्हीची लस ९ ते १४ वर्षांत घेतली तर दोन डोसमध्ये होतं, पंधरा पूर्ण झाली की तीन लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक मिळते, ज्या १६ आणि १८ नंबरच्या एचपीव्हीमुळे साधारण ७० टक्के कॅन्सर होतात ते दोन्ही त्यात आहेत. लस देऊन झाली तरी मोठी झाल्यावर तपासणी करायचीच. तिची एचआयव्हीची तपासणी लहानपणी झाली नसेल तर एकदा करून घ्या, आणि ती पॉझिटिव्ह असेल तर डोस तीन घ्यायचे.

आईला सांगायचं की नाही हे तू मला विचारलं नाहीस, पण पत्राच्या शेवटी लिहिलंस म्हणजे तुझ्या मनात आहे. ते तू ठरवू नको, मी पण नाही. आक्काला विचार. एचआयव्हीचं सांगायचं नसेल आणि फक्त कॅन्सरचं सांगायचं असेल तर तसं, काहीच नको असेल तर तसं. बारा वर्षं तिने हे आईपासून लपवून पोटात ठेवलंय, कुणाला काय सांगायचं ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. सोमवारी सिव्हिलला जाताना तिच्या शेजारी बसून जा आणि वाटेत विचार.